गॅस गेलाय की बर्फ तुंबलाय?

महालक्ष्म्या यायला तीन-चार दिवस उरले असताना आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरचा फ्रिज रुसला. साधासुधा नाही. डावीकडे फ्रीझर, उजवीकडे फ्रिज, दारावर आकडे झळकणारा. घेताना किमतीवरून घरात दोन दिवस अबोला झाला होता, तोच. फ्रीझरमधला आमरस दगडासारखा घट्ट, आणि शेजारच्या कप्प्यातलं दूध मात्र नासलेलं. मेकॅनिक आला, आत हात फिरवला आणि म्हणाला, "भिया, गैस निकल गई." साडेतीन हजार दिले. दुसऱ्या दिवशी फ्रिज असा गार की कोथिंबिरीवर दव. पुरणाचं सामान, सोळा भाज्या, सगळं निभावलं. पितृपक्ष लागला आणि दूध पुन्हा नासलं.

तेव्हा मला कळलं की "फ्रिज गार करत नाही" या एकाच तक्रारीखाली दोन अगदी वेगळे आजार असतात आणि आपण दोघांनाही "गॅस गेला" म्हणतो.

गॅस फ्रिजमध्ये खर्च होत नाही, ही पहिली गोष्ट. तो स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), उष्णता बाहेर टाकणारी जाळी आणि आत गारवा देणारी कॉइल यांच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचाच भाऊबंद. आणि तो असतो किती? साधारण ४० ते ८० ग्राम. एखाद्या लिंबाच्या वजनाइतका. तो कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक पडलेलं असणारच. भोक न शोधता "भरून देतो" म्हणणारा माणूस फुटक्या घागरीत पाणी ओततोय.

दुसऱ्या आजारात गॅस जागच्या जागी असतो, वाट बंद झालेली असते बर्फाने. "फ्रॉस्ट फ्री" या नावाने आपली फसगत होते. बर्फ धरतो, फक्त आपल्याला दिसत नाही. गार कॉइल फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड लपलेली असते. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते, तिच्यातलं पाणी त्या कॉइलवर गोठतं. ठराविक काळाने एक छोटा हीटर चालू होऊन ते वितळवतो, पाणी नळीवाटे खाली कॉम्प्रेसरजवळच्या तसराळ्यात जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हीटर, त्याचा फ्यूज किंवा तापमान सांगणारा सेन्सर यांपैकी एक जरी गेला तरी बर्फाचा थर वाढत जातो, पंख्याची हवा अडते, आणि उजव्या कप्प्याला गारवा पोचत नाही. फ्रीझर कॉइलला चिकटलेला, म्हणून तो बराच काळ थंडच राहतो.

इथे आपल्या इंदूरच्या हवेचाही हात आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, पण हवा कोरडी. हीटर तेव्हा गेला तरी बर्फ सावकाश साठतो. श्रावण-भाद्रपदाची ओल सुरू झाली की तोच बिघाड दहा-बारा दिवसांत डोकं वर काढतो. सणात पाहुण्यांसाठी दार शंभरदा उघडतं ते वेगळंच. म्हणून "ऐन सणातच बिघडतो" ही आईची तक्रार अगदीच अंधश्रद्धा नाही.

मग ओळखायचं कसं? आधी दोन्ही कप्पे तपासायचे. फ्रीझर टणक आणि फ्रिज कोमट असेल तर संशय बर्फावर. दोन्हीकडे हळूहळू गारवा उतरत चालला, आइस्क्रीम आधी मऊ आणि मग पातळ झालं, तर संशय गॅसवर. लोकमान्य नगरात आत्याकडे हेच झालं होतं. कॉम्प्रेसर रात्रभर घुमत होता, पण फ्रिजच्या बाजूच्या भिंती, ज्या एरवी हाताला गरम लागतात, त्या थंडगार. हाताने तपासता येईल अशी ही खूण आहे. आजकाल उष्णता बाहेर टाकणारी जाळी बहुधा त्या भिंतींच्या आत असते. भिंती गरम म्हणजे उष्णता बाहेर पडते आहे. तासन्‌तास चालूनही त्या थंड, म्हणजे आत फिरायला फारसं काही उरलेलंच नाही. (नवा फ्रिज घेतल्यावर "बाजू तापतात हो" म्हणून घाबरून फोन करणारे आमच्या ओळखीतच तिघे निघाले. तापायलाच हव्यात.)

पत्रा उघडल्यावर तर चित्र अगदी स्पष्ट असतं. हीटर गेलेला असेल तर संपूर्ण कॉइल पांढऱ्या बर्फात गाडलेली. गॅस कमी असेल तर सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ, बाकीची कॉइल कोरडी. पण पत्रा आपण उघडायचा नाही, त्यामागे वायर आणि पंखा असतो. न उघडताही पत्र्यावर बर्फाची नक्षी उमटली आहे का, पंखा कशाला तरी घासल्यासारखा कुरकुरतो का, एवढं घरबसल्या कळतं.

सगळ्यात खात्रीची परीक्षा फुकट आहे. प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा आणि पुरे चोवीस तास थांबा. सामान शेजाऱ्यांकडे नाहीतर बर्फाच्या पेटीत. पुन्हा चालू केल्यावर फ्रिज नव्यासारखा गार झाला आणि आठवडा-दोन आठवड्यांनी परत तेच, तर तो बर्फच. गॅस गेलेला फ्रिज अशा विश्रांतीने सुधारत नाही.

आणि इथेच माझ्या साडेतीन हजारांचा उलगडा होतो. गॅस भरायला फ्रिज तासन्‌तास बंद ठेवावा लागतो. आमचा तर संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत दारं उघडी टाकून अंगणात उभा होता. बर्फ आपोआप वितळला, हवेची वाट मोकळी झाली आणि श्रेय गॅसला गेलं. मेकॅनिक खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्यालाही दर वेळी हाच "गुण" दिसत असणार आणि त्याचा विश्वास पक्का होत असणार.

महागड्या फ्रिजमध्ये मात्र ही साधी ओळख दोन ठिकाणी फसते. काहींत फ्रीझर आणि फ्रिजला वेगवेगळ्या कॉइल असतात. तिथे एक कप्पा कोमट, एक टणक असण्याची कारणं निराळी निघू शकतात. गॅसची दिशा बदलणारा वॉल्व्ह अडकला तरी असंच दिसतं. दुसरं, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर. तो कमी वेगाने जवळजवळ सतत चालतो, त्याचा स्वभावच तो. "सारखा चालतोय म्हणजे गॅस गेला" हे जुन्या फ्रिजचं शहाणपण त्याला लावू नये.

डिस्प्लेवरच्या आकड्यावरही फार विसंबू नका. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो मधल्या फळीवर रात्रभर राहू द्या. सकाळी ४ अंशांच्या आसपास हवं. फ्रीझर उणे १८. दिवे लागतात, आकडे दिसतात आणि गारवा शून्य, असं असेल तर दुकानातला डेमो मोड चुकून चालू झालेला नाही ना, तेही पाहा. हसू नका, लहान मुलं बटणं दाबतात.

एक आजार दुसऱ्याला जन्म देतो, ती जागा सगळ्यात धोक्याची. बर्फ साठला की कोणीतरी सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो टोकरायला बसतं. कॉइलची नळी पातळ, बहुधा ॲल्युमिनियमची. एक ठोका चुकला की खरोखरच गॅस जातो. जे काम काही शे रुपयांच्या सेन्सरवर मिटलं असतं, ते हजारांत जातं. शिवाय आयसोब्युटेन पेट घेणारा, हवेपेक्षा जड आणि जवळजवळ बिनवासाचा. फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा, गॅसची शेगडी बंद करा, आणि फ्रिजजवळचं कुठलंही बटण दाबू नका.

गॅस खरंच गेला असेल तर काम करणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची? आधी भोक सापडलं पाहिजे. मग जोड, नवा फिल्टर, पंपाने नळी निर्वात करणं, आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. किती, ते कॉम्प्रेसरजवळच्या किंवा आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. पाच-दहा ग्रामनेही फरक पडतो, म्हणून "अंदाजे" हा शब्द ऐकला की मी दार दाखवतो. दारांच्या चौकटीतली दव न धरू देणारी नळी गंजली असेल तर ती फोमच्या आत गाडलेली, तिथे जोड देता येत नाही, ती वगळून पुढे जावं लागतं. आत्याचा फ्रिज असाच सुटला. कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीवरही भरवसा टाकण्याआधी कार्ड वाचा. ती पुष्कळदा फक्त कॉम्प्रेसरपुरती असते, गॅस आणि मजुरी आपलीच.

रोजची निगा थोडकीच. दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसणं, दारात कागद धरून ओढून पाहणं (सहज निसटला तर रबर ढिलं), मागची धूळ वर्षातून दोनदा काढणं, आतली हवेची भोकं भांड्यांनी न झाकणं. महालक्ष्म्यांच्या दिवसांत शेवटचं जमत नाही, मान्य आहे.

आमच्याकडे शेवटी दुसरा मुलगा आला. पत्रा काढला, मीटर लावला, हीटरचा फ्यूज उडाला होता. तो बदलला. मग त्याने वजनकाटा काढला आणि पहिल्याने वरून घातलेला जादा गॅस बाहेर काढून पट्टीवरच्या आकड्याइतका नव्याने मोजून भरला. त्याचेही पैसे मीच दिले.