पदवीधर मतदारसंघ: मागच्या यादीतलं नाव यंदा चालत नाही

विधान परिषदेच्या पदवीधर निवडणुकीचा दिवस आला की एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी खिशात मतदार ओळखपत्र घेऊन केंद्रावर जातो, यादीत नाव सापडत नाही आणि तो चिडतो, "अहो, मागच्या वेळी इथंच मत दिलं होतं!" दिलं असेल. पण ती यादी संपली. लोकसभा-विधानसभेची यादी वर्षानुवर्षं दुरुस्त होत पुढं जाते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी मात्र प्रत्येक निवडणुकीआधी कोऱ्या कागदावरून नव्यानं तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून ते इकडं आपोआप येतही नाही. अर्ज तुम्हालाच करावा लागतो आणि तो दर वेळी करावा लागतो.

महाराष्ट्र विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत. त्यातले ७ पदवीधरांनी आणि ७ शिक्षकांनी निवडून द्यायचे असतात. मुदत सहा वर्षांची. पदवीधरांचे मतदारसंघ मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. पुणे म्हणजे फक्त पुणे शहर नव्हे, तर सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर धरून पाच जिल्हे. औरंगाबाद म्हणजे अख्खा मराठवाडा. पुणे, औरंगाबाद आणि नागपूर पदवीधरचं मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं होतं, म्हणजे तिथली सहा वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. नाशिक-अमरावतीचं जानेवारी २०२३ मध्ये, तर मुंबई-कोकणचं जून २०२४ मध्ये झालं. गोव्याला विधान परिषदच नाही, त्यामुळं तिथल्या वाचकांना ही कटकट नाही. बेळगावकरांना आहे, पण त्यांचा मतदारसंघ कर्नाटकातला.

आता पात्रता. भारताचे नागरिक हवे, मतदारसंघात राहायला हवे आणि अर्हता दिनांकाच्या, म्हणजे पात्रता ज्या तारखेला मोजतात तिच्या, किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. हा अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असतो, म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ ची यादी असेल तर निकाल १ नोव्हेंबर २०२२ च्या आधीचा पाहिजे. तीन वर्षं मोजायची ती विद्यापीठानं निकाल जाहीर केला त्या तारखेपासून, पदवीदान समारंभापासून नाही. पदवी भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते, मुक्त विद्यापीठाचीही. शासनानं पदवीशी समकक्ष ठरवलेल्या पदविकाही चालतात. नागपूरला शिकून पुण्यात नोकरी करणाऱ्यानं पुण्यातच नोंदणी करायची. इथं राहण्याचं ठिकाण महत्त्वाचं, शिकण्याचं नाही.

अर्ज पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. शिक्षकांच्या यादीत यायला माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत, मागच्या सहा वर्षांतली एकूण तीन वर्षं तरी शिकवलेलं असावं लागतं, आणि तसा दाखला मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांकडून आणायचा. प्राथमिक शिक्षक यात बसत नाहीत. गावात सगळ्यात जास्त मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्यांनाच शिक्षक मतदारसंघात जागा नाही, हे मला अजून पटलेलं नाही, पण नियम तसा आहे. शिक्षक पदवीधरही असेल तर त्यानं दोन्ही अर्ज भरावेत, दोन्हीकडं मत देता येतं.

खरी गंमत कागदपत्रांत. नमुना १८ ला फोटो, राहण्याचा पुरावा आणि पदवीचा पुरावा लागतो. विधानसभेच्या यादीतला तुमचा तपशील आणि ओळखपत्र क्रमांकही अर्जात विचारतात, तेव्हा ते कार्ड समोर ठेवूनच बसा. पदवीचा पुरावा म्हटलं की निम्म्या लोकांचं तोंड उतरतं, कारण अनेकांनी विद्यापीठातून पदवी प्रमाणपत्र कधी आणलेलंच नसतं. घाबरायचं कारण नाही, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका चालते. वकिलांच्या, डॉक्टरांच्या किंवा सनदी लेखापालांच्या नोंदवहीतल्या नोंदीची प्रतही पुरावा म्हणून धरतात. झेरॉक्स साक्षांकित हवी: नियुक्त अधिकारी, राजपत्रित अधिकारी किंवा नोटरी मूळ कागद पाहून सही करतो. म्हणून मूळ प्रत पिशवीत ठेवाच.

माझ्या वहिनीचा अर्ज मी स्वतः भरून दिला होता. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि वर गुणपत्रिकेवर तिच्या आईचं नावही छापलेलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्म्यातून वर बघितलं आणि म्हणाल्या, "या दोघी एकच कशावरून?" प्रश्न रास्त होता. विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात होता, त्यामुळं दुसऱ्या दिवशी परत गेलो. तेव्हा लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत अर्जालाच टाचून टाका. एवढ्यासाठी किती बायकांचे अर्ज अडत असतील!

या याद्यांचे मतदार नोंदणी अधिकारी विभागीय आयुक्त असतात, पण तुम्हाला तिथवर जायची गरज नाही. अर्ज तहसील कार्यालयात किंवा नेमलेल्या केंद्रावर घेतात, शिवाय राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. फी शून्य. उमेदवारीच्या तयारीतले लोक वर्षभर आधीपासून अर्ज वाटत फिरतात. कोरा अर्ज त्यांच्याकडून जरूर घ्या, पण भरलेला त्यांच्या हाती देऊ नका. गठ्ठ्यानं आलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत, असे निवडणूक आयोगाचे आदेश आहेत. घरातल्या एकानं बाकीच्यांचे अर्ज नेले किंवा संस्थाप्रमुखानं आपल्या कर्मचाऱ्यांचे दिले तर चालतं.

वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. ऑक्टोबरच्या तोंडावर जाहीर सूचना, अर्ज ६-७ नोव्हेंबरपर्यंत, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात प्रारूप (कच्ची) यादी, मग दावे-हरकती आणि ३० डिसेंबरच्या सुमारास अंतिम यादी. दिवाळी नेमकी याच खिडकीत येते, त्यामुळं "फराळ झाल्यावर बघू" म्हणणारे हुकतात. हुकलात तरी सगळं संपत नाही. अंतिम यादीनंतरही पुरवणी नोंदणी चालू राहते, फक्त उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसाच्या दहाएक दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. प्रारूप यादीत आपलं नाव मात्र स्वतः उघडून बघा. पोचपावती मिळाली म्हणजे नाव लागलं, असं नसतं.

मतदानाला मतदार ओळखपत्र नसेल तर आयोगानं ठरवलेलं दुसरं ओळखपत्र किंवा नुसतं मूळ पदवी प्रमाणपत्रही चालतं. आत यंत्र नसतं, कागदी मतपत्रिका असते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननंच पसंतीचा क्रमांक लिहायचा. आवडत्या उमेदवारासमोर १ लिहिणं सक्तीचं, पुढचे २, ३ तुमच्या मर्जीवर. १ एकाच नावापुढं. अक्षरात "एक" लिहू नका, बरोबरची खूण करू नका, सही तर मुळीच नको. स्वतःचं बॉलपेन खिशातून काढणाराही फसतो. वैध मतांच्या निम्म्याहून एक मत जास्त, एवढा कोटा पहिल्या पसंतीत कुणी गाठला नाही तर तळाचे उमेदवार एकेक बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडं सरकतात. म्हणून मोजणी रात्रभर चालते, आणि म्हणूनच १ नंतरचे आकडेही लिहून ठेवायचे.