सिनेमातलं अवकाश आणि २३ अंशांचा प्रश्न

अवकाशावरचा एखादा चित्रपट गाजला की त्यातल्या चुकांच्या याद्या फिरू लागतात. त्यांना उत्तरही ठरलेलं असतं: "सिनेमा आहे हो, विज्ञानाचा तास नाही." या उत्तराने वाद मिटतो, पण प्रश्न तसाच राहतो, कारण यादीतल्या सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. काही चुका कथेच्या पायातच असतात. त्या काढल्या तर कथाच उरत नाही. काही नुसत्या दुर्लक्षातून येतात. आणि काही वेळा चित्रपट स्वतः प्रेक्षकाला एक नियम शिकवतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी तोच विसरतो. माझा आक्षेप या तिसऱ्या जातीला आहे. पण आधी पहिल्या जातीतली एक चूक नीट उलगडून बघू, कारण तिच्यामागचं विज्ञान मला फार आवडतं आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

काल्पनिक जगाने आपल्या जगाचे नियम पाळलेच पाहिजेत, असं माझं म्हणणं नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) शेवटी तुकोबांना वैकुंठाला न्यायला विमान येतं. ते कशाच्या जोरावर उडतं हे विचारण्यात काहीच हशील नाही. त्या चित्रपटाचं जग श्रद्धेचं आहे आणि ते शेवटपर्यंत तसंच राहतं. अल्फोन्सो क्वारोनच्या 'ग्रॅव्हिटी'ची (२०१३) गोष्ट वेगळी आहे. तो हबल दुर्बिणीचं नाव घेतो, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दाखवतो, सोयुझ यान दाखवतो. निर्वात पोकळीतून आवाज जात नाही हे तर त्याने इतकं मनापासून पाळलं आहे की प्रचंड मोडतोडही निःशब्द होते. हे तुमचंच जग आहे, असं तो ठासून सांगतो. खऱ्या जगाची पत वापरल्यावर खऱ्या जगाचा हिशेब मागितला जाणारच.

कथेची सुरुवात हबलच्या दुरुस्तीपासून होते. फुटलेल्या उपग्रहांच्या तुकड्यांचा मारा होतो, त्यांचं शटल यान निकामी होतं आणि वाचलेले दोन अंतराळवीर (सँड्रा बुलक आणि जॉर्ज क्लूनी) पाठीवरच्या एका छोट्या जेटपॅकच्या बळावर अवकाश स्थानकाकडे निघतात. स्थानक त्यांना दूरवर दिसत असतं. गोम नेमकी इथे आहे.

हबल जमिनीपासून साधारण ५५० किलोमीटरवर फिरत होती आणि स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर. उंचीतला हा फरक फार अवघड नाही. एवढं खाली यायला वेगात सेकंदाला ८० मीटरच्या आसपास बदल पुरतो. खरी अडचण कक्षांच्या तिरपेपणात आहे.

गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या केंद्राकडे ओढतं, म्हणून उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल नेहमी त्या केंद्रातून जातं. एकात एक अडकवलेल्या आणि एकमेकींशी तिरप्या धरलेल्या दोन बांगड्या डोळ्यांसमोर आणा. दोघींचं केंद्र एकच, पण त्या फक्त दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. विषुववृत्ताशी कक्षेचा जो कोन होतो त्याला कक्षेचा कल म्हणतात. हबलचा कल २८.५ अंश आहे, तर स्थानकाचा ५१.६ अंश.

हे आकडे कुठून आले? फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरल या उड्डाणतळाचा अक्षांश २८.५ अंश उत्तर आहे. तिथून रॉकेट सरळ पूर्वेला सोडलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेग फुकट मिळतो, आणि कक्षेचा कल त्या जागेच्या अक्षांशाइतका येतो. त्याहून कमी तो थेट येऊच शकत नाही, कारण प्रतलाला केंद्रातूनही जायचं असतं आणि उड्डाणाच्या जागेवरूनही. हबलचा कल असा ठरला. स्थानकापर्यंत मात्र रशियन यानांनाही पोहोचायचं होतं. त्यांच्या कझाकस्तानातल्या बैकोनूर उड्डाणतळाचा अक्षांश सुमारे ४६ अंश, पण तिथून सरळ पूर्वेला उडालं तर रॉकेटचे जळालेले टप्पे चीनच्या भूमीवर पडतील. म्हणून दिशा उत्तरेकडे थोडी वळवली आणि कल ५१.६ अंश झाला. म्हणजे एका आकड्यात फ्लोरिडाचा भूगोल आहे आणि दुसऱ्यात मध्य आशियाचं राजकारण. आपल्याकडेही हे घडतंच. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या पीएसएलव्ही या भारतीय रॉकेटला श्रीलंकेवरून जाणं टाळण्यासाठी वाटेत वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन खर्ची पडतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला नवा उड्डाणतळ होतोय, त्यामागे हा वळसा वाचवणं हेच मोठं कारण आहे. या कलामुळेच हबल आपल्या सोलापूर-कोल्हापूरच्या अगदी डोक्यावरून जाऊ शकते, पण लंडनच्या माणसाला ती जवळजवळ कधीच दिसत नाही.

आता हिशेब. दोन्ही कक्षांमधला वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर. हबलजवळच्या अंतराळवीराला स्थानकाच्या कक्षेत जायचं तर वेग तेवढाच ठेवून त्याची दिशा ५१.६ वजा २८.५, म्हणजे २३.१ अंशांनी फिरवावी लागेल. दहावीची भूमिती इथे पुरते. समद्विभुज त्रिकोण काढा. दोन समान बाजू ७.६ च्या, एक आत्ताच्या वेगाची आणि दुसरी हव्या असलेल्या वेगाची. मधला कोन २३.१ अंश. तिसरी बाजू म्हणजे वेगात करायचा बदल: २ × ७.६ × साइन ११.५५ अंश. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर. याच त्रिकोणात कोन ६० अंश केला तर तो समभुज होतो आणि नुसतं वळण्यासाठी कक्षेतल्या संपूर्ण वेगाएवढी किंमत मोजावी लागते.

अवकाशात रस्ता नाही, टायर नाहीत, हवाही नाही. वळायचं तर कशाला तरी रेटावं लागतं, आणि रेटायला फक्त स्वतःबरोबर आणलेलं इंधनच असतं. शटलची कक्षेत वापरायची इंजिनं सेकंदाला ३ किलोमीटरच्या थोड्या जास्त वेगाने वायू मागे फेकत. किती वेगबदलाला किती इंधन लागेल हे सांगणाऱ्या त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेट समीकरणात हे आकडे घातले तर साधारण १०० टनांच्या शटलला या एका वळणासाठी १७० टनांच्या आसपास इंधन लागतं. प्रत्यक्षात कक्षेत गेल्यावर त्याच्याकडे जे इंधन असे, त्यातून वेगात फार तर काहीशे मीटरचा बदल होई. १९८४ मध्ये नासाने वापरलेल्या खऱ्या जेटपॅकची एकूण क्षमता होती सेकंदाला सुमारे २५ मीटर. लागतात तीन हजार.

शिवाय २३.१ अंश हा सर्वांत सोयीचा कोन झाला. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे, त्यामुळे कक्षांची प्रतलं जागेवर राहत नाहीत, हळूहळू गरगरतात. हबलचं प्रतल दिवसाला साडेसहा अंशांच्या आसपास सरकतं, स्थानकाचं साधारण पाच अंश. म्हणून दोघांमधला कोन २३ अंशांपासून ८० अंशांपर्यंत वाढत जातो आणि पुन्हा कमी होतो. हे चक्र पुरं व्हायला साधारण साडेसात महिने लागतात. आणि अगदी अनुकूल दिवशी, दोन कक्षा छेदतात तिथे स्थानक जवळून गेलंच, तरी ते दूरवर थांबून वाट बघणार नाही. आपण काढलेला त्रिकोणच सांगतो की ते सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने सुसाट निघून जाईल.

हे गणित केवळ चित्रपटाची उलटतपासणी घेण्यासाठी नाही. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया शटल उडालं. ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि आपल्या करनालच्या कल्पना चावलासह सातही जण गेले. इजा वेळीच कळली असती तर ते स्थानकात आसरा घेऊ शकले असते, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. कोलंबियाच्या कक्षेचा कल ३९ अंश होता. स्थानक कमीत कमी १२.६ अंश दूर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटरचा बदल. तेवढं इंधन यानात नव्हतंच. तो दरवाजा उड्डाणाच्या क्षणीच बंद झालेला होता.

त्यानंतर हबलच्या शेवटच्या दुरुस्तीवरच संकट आलं. जानेवारी २००४ मध्ये नासाने ती मोहीम रद्द केली. हबलजवळ शटल बिघडलं तर स्थानकात जाता येणार नाही, हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. २००६ मध्ये निर्णय फिरला, आणि मे २००९ मध्ये अटलांटिस हबलकडे निघालं तेव्हा शेजारच्या तळावर एन्डेव्हर हे दुसरं शटल सुटकेसाठी सज्ज उभं होतं. चार जणांनी वर जायचं, यांत्रिक हाताने एक यान दुसऱ्याला धरायचं आणि अडकलेल्या सातही जणांना पोकळीतून एकेक करून पलीकडे न्यायचं, अशी योजना होती. ती वापरावी लागली नाही. पण २३ अंशांसाठी अख्खं दुसरं यान उभं करावं लागलं, यातच त्या कोनाची किंमत कळते.

तिरुनल्लारच्या शनिमंदिरावरून जाताना उपग्रह तीन सेकंद थांबतात, असा एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. सुशिक्षित माणसंही तो पुढे पाठवतात. सेकंदाला ७.६ किलोमीटरने जाणारा उपग्रह थांबवायचा तर तो जवळजवळ सगळा वेग काढून घ्यावा लागेल. थांबला की तो खाली कोसळू लागेल, आणि पुन्हा चालू करायचा तर जमिनीवरून सोडताना लागला जवळपास तेवढा वेग त्याला परत द्यावा लागेल. हे खोटं आहे हे ओळखायला धर्मावर वाद घालायची गरज नाही, कक्षा म्हणजे काय एवढं कळलं की पुरे. अवकाशात वस्तू नुसत्या तरंगत उभ्या असतात, ही कल्पना आपल्या डोक्यात चित्रपटांनीही भरवली आहे, आणि तिच्या आधारावर असे संदेश तग धरतात. म्हणून "सिनेमाच तर आहे" हे मला पुरेसं वाटत नाही.

असं असूनही 'ग्रॅव्हिटी'ची ही चूक मी माफ करतो. हबल, स्थानक आणि चिनी अवकाश स्थानक तिआनगाँग (त्याचा कल आणखी वेगळा, सुमारे ४३ अंश) एकमेकांच्या आवाक्यात आहेत हे मान्य केलं नाही तर पुढची गोष्टच घडत नाही. ही सवलत चित्रपट सुरुवातीलाच मागतो. 'द मार्शियन'मधलं धुळीचं वादळही याच जातीचं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. तिथला वारा यान कलंडवू शकत नाही. मूळ कादंबरीचा लेखक अँडी वीअर याने हे माहीत असूनही जाणूनबुजून केल्याचं सांगितलं आहे, आणि त्याच्या पुढे बटाट्यांपासून पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडला आहे. 'ग्रॅव्हिटी'त बुलकचा अश्रू गालावरून सुटून तरंगत येतो, तो दुर्लक्षाचा प्रकार. पृष्ठताणामुळे पाणी डोळ्यालाच चिकटून फुगत राहतं; अंतराळवीर क्रिस हॅडफिल्डने त्याच वर्षी स्थानकातून ते करून दाखवलं होतं.

नियमाला धरून राहिल्याने कथा आखडते, हेही खरं नाही. 'इंटरस्टेलर'साठी (२०१४) ख्रिस्तोफर नोलनला असा ग्रह हवा होता जिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना ते आधी अशक्य वाटलं. मग त्यांनी गणित केलं, आणि तो ग्रह ज्याभोवती फिरतो ते कृष्णविवर जवळजवळ कमाल मर्यादेइतक्या वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर ते जमतं असं निघालं. बापलेकीच्या ताटातुटीचं दुःख त्या एका आकड्यावर उभं आहे.

जे मला माफ करता येत नाही ते 'ग्रॅव्हिटी'तलं दोरीचं दृश्य. सुरुवातीला बुलक गरगरत दूर फेकली जाते आणि कशाचा तरी आधार मिळेपर्यंत थांबू शकत नाही. न्यूटनचा पहिला नियम इतका अंगावर येणारा मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेला नाही. पुढे स्थानकापाशी तिचा पाय पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकतो, क्लूनी तिच्या हातातल्या दोरीच्या टोकाला असतो आणि दोघेही थांबलेले दिसतात. थांबल्यावर त्याला बाहेर ओढणारं काहीच उरत नाही. दोरीला हलका झटका दिला असता तर तो अलगद तिच्याकडे आला असता. तरी दोरी ताणलेलीच राहते, आणि तिला वाचवण्यासाठी तो स्वतःला सोडवून घेतो. पॅराशूटच्या दोऱ्या अजून निसटत होत्या, असा बचाव काही जण करतात. तसं असेल तर ते दिसायला हवं होतं.

उपाय अगदी सोपा होता. मोडतोडीच्या धक्क्याने स्थानक हळूहळू स्वतःभोवती फिरतंय असं दाखवायचं. केंद्रापासून ५० मीटरवर असलेल्या माणसासाठी मिनिटाला एक फेरीसुद्धा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अठराव्या हिश्श्याइतकी बाहेरची ओढ निर्माण करते. पोशाख आणि जेटपॅक धरून क्लूनीचं वस्तुमान २०० किलो मानलं, तर तो दोरीला सतत ११० न्यूटनने ओढत राहिला असता, म्हणजे जमिनीवर ११ किलोचं ओझं लटकवल्यासारखा. पायात गुंतलेल्या ढिल्या दोऱ्या तेवढ्याने नक्की सुटल्या असत्या, आणि त्याला हात सोडावाच लागला असता.