काडतूस बसतं म्हणजे चालतं असं नाही: वेब्लीचा खुलासा

‘घासलेल्या वेब्ली मार्क सहामध्ये बाजारातलं .४५ एसीपी बिनधास्त चालतं,’ हा समज अनेक वर्षं फिरतोय. वेब्ली मार्क सहा हे जुनं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर, तर .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस. हा समज चुकीचा आणि धोकादायक आहे.

१९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं हे रिव्हॉल्व्हर .४५५ काडतुसासाठी बनलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशी हजारो विकली गेली. तिथे .४५५ मिळेना, म्हणून सिलिंडरची (काडतुसं ठेवायच्या फिरत्या नळकांड्याची) मागची बाजू घासून चंद्रकोरी क्लिपमधलं, म्हणजे काडतुसं धरून ठेवणाऱ्या पातळ धातूच्या पट्टीतलं, .४५ एसीपी बसवलं. बसलं, पण दाबाचं काय? .४५५चा दाब साधारण १३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,०००. इतका फरक जुनं पोलाद कायम सोसत नाही. हे रिव्हॉल्व्हर भरण्यासाठी मधून मोडून उघडतं; आधी तिथली बिजागरी आणि ते बंद ठेवणारी वरची खिटी ढिली होते. सिलिंडरला सगळ्यात पातळ भिंत बाहेरच्या बाजूला असते. फुगवटा किंवा तडा तिथेच येतो. पन्नास गोळ्या सुखरूप सुटल्या, यातून काहीच सिद्ध होत नाही.

रिव्हॉल्व्हर मिटून सिलिंडरच्या मागची फट बघा. ती मोठी दिसली तर घासलेलं समजा. मग .४५ ऑटो रिमच्या (.४५ एसीपीच्याच मापाच्या, पण क्लिप न लागणाऱ्या कडेच्या) पुंगळ्यांत २६५ ग्रेनची (सुमारे १७ ग्रॅमची) मऊ शिशाची गोळी, .४५५च्याच दाबाला भरलेली, एवढंच वापरा. त्याआधी जाणत्या गनस्मिथकडून तपासणी हवीच.