टचपॅड चालेना? आधी भिंतीतली अर्थिंग बघा

लॅपटॉपचा टचपॅड चालेनासा झाला की परभणीपासून लातूरपर्यंत दुकानात पहिला निकाल बहुतेक एकच मिळतो, "पॅड गेलं, नवं टाकावं लागंल." कधी कधी ते खरंही असतं. पण पॅडमध्ये फिरणारं, घासणारं असं काही नसतं. क्लिकचं बटण सोडलं तर झिजायला त्यात फारसं काही नाही. म्हणून पॅड बदलायच्या आधी त्याच्या आजूबाजूला बघायला हवं. सेटिंग बघावी, पॅडच्या खालची बॅटरी बघावी आणि चार्जर ज्यात लावला आहे तो भिंतीतला बोर्ड बघावा. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर मराठवाड्यात जास्त लक्ष ठेवावं लागतं. एकीचं कारण आपल्या जमिनीत आहे आणि दुसरीचं आपल्या उन्हात.

आधी पॅड काय ओळखतो ते पाहू. बोटाचा दाब तो मोजत नाही. गुळगुळीत पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. काही उभ्या, काही आडव्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. पॅडची चिप एका पट्टीवर विजेचा सूक्ष्म स्पंद सोडते आणि छेदणाऱ्या पट्टीवर त्यातला किती पोचला ते मोजते. आपलं शरीर विद्युतवाहक आहे. बोट जवळ आलं की त्या दोन पट्ट्यांमधल्या विद्युत क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे वळतो आणि पलीकडे पोचणारा अंश घटतो. अख्खी जाळी अशी सेकंदाला साधारण शंभर वेळा तपासली जाते. एका बोटाचा परिणाम शेजारशेजारच्या अनेक छेदबिंदूंवर कमीजास्त होतो. त्या कमीजास्तपणावरून चिप बोटाचं केंद्र काढते, म्हणून पट्ट्यांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असूनही पडद्यावरचा बाण केसभर सरकवता येतो.

हे घरी तपासून बघता येतं. पेन्सिलीचं लाकडी टोक पॅडवर कितीही दाबलं तरी बाण जागचा हलणार नाही. रुपयाचं नाणं पॅडवर ठेवून, त्यावर बोट टेकवून सरकवा. बहुतेक पॅडवर बाण चालू लागेल, कारण नाणं आता तुमच्या शरीराचाच भाग झालेलं असतं.

मोजला जाणारा हा बदल किती लहान आहे याचा अंदाज यायला छताचा पंखा घ्या. पंखा हळू फिरायला लागला की वायरमन जो कंडेन्सर बदलतो, त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. फॅरड हे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचं, म्हणजे धारितेचं माप. म्हणजे २५ लाख पिकोफॅरड. बोट टेकल्यावर पॅडच्या जाळीत जो फरक पडतो, तो साधारण एका पिकोफॅरडच्या आसपासचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. एवढी सूक्ष्म गोष्ट घरच्या टेबलावर, पंखा-कूलर-इन्व्हर्टरच्या गराड्यात बसून अचूक मोजणारं हे यंत्र मला फार मोलाचं वाटतं. बोटानं धारिता बदलते हे ओळखून असा पॅड जॉर्ज गर्फाइड या अमेरिकी संशोधकानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवला. १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत तो आला, आणि त्यानंतर लॅपटॉपवरचा ट्रॅकबॉल, म्हणजे बाण हलवायला बोटानं फिरवायचा गोळा, हळूहळू दिसेनासा झाला. पुढे घरोघरी पोचलेले पॅड बनवणारी सिनॅप्टिक्स ही कंपनी १९८६ मध्ये काढली ती फेडेरिको फॅजिन आणि कार्व्हर मीड यांनी. यातले फॅजिन म्हणजे १९७१ च्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेचं नेतृत्व करणारे.

आता बिघाडाकडे येऊ. पॅड अजिबातच प्रतिसाद देत नसेल, तर तो बंद केलेला नाही ना हे आधी पाहावं. कीबोर्डच्या वरच्या रांगेत एखाद्या एफ बटणावर पॅडचं छोटं चित्र असतं. ते बटण नुसतं किंवा एफएन बरोबर दाबलं गेलं की पॅड बंद होतो, आणि लहान मुलांच्या हातात लॅपटॉप गेला की हे हमखास घडतं. दुसरी जागा विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. विंडोजचं बटण दाबा, इंग्रजीत टचपॅड असं टाइप करून एंटर दाबा. पुढे टॅब, बाणांची बटणं आणि स्पेसबार यांवर सगळं भागतं. तिथे चालू-बंदचा खटका आहेच. शिवाय माउस जोडलेला असताना पॅड चालू ठेवायचा की नाही, असाही पर्याय असतो. तो बंद असेल आणि वायरलेस माउसचा बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर यूएसबीत तसाच राहिला असेल, तर माउस दप्तरात असला तरी लॅपटॉपच्या लेखी तो जोडलेलाच असतो आणि पॅड गप्प बसतो.

रीस्टार्ट करा, हा सल्ला सगळेच देतात, पण त्यातली एक खोच सहसा कुणी सांगत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे पॅडसारखे भाग विंडोजकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्रॅम, ज्या अवस्थेत आहेत, ती अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तशीच्या तशी उचलली जाते. पॅडचा ड्रायव्हर अडकलेला असेल तर तो अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. तेव्हा रोज रात्री शटडाउन करून सकाळी चालू करणाऱ्यानंही मुद्दाम रीस्टार्ट करावं. तेवढ्यानं भागलं नाही, तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, चालू-बंदचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं. चिप अडकून पडली असेल तर तिचा पुरवठा तुटून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एवढं करूनही हालचाल नसेल, तर दोष विंडोजचा की पॅडचा हे ठरवायची एक चांगली रीत आहे. लॅपटॉप सुरू होताना एफ २, एफ १० किंवा डिलीट दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर जा. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये तिथेही बाण असतो. तिथे पॅड चालला तर तो ठणठणीत आहे, दोष ड्रायव्हरमध्ये शोधा. बायोसमध्ये बाणच नसेल तर पेनड्राइव्हवरून उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली इन्स्टॉल न करता नुसतं चालवून पाहता येतं, निष्कर्ष तोच. ड्रायव्हरसाठी विंडोज आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडेल. पॅडच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसला, किंवा नुकत्याच झालेल्या अपडेटनंतरच हे सुरू झालं असेल, तर ड्रायव्हर मागे न्यावा, म्हणजे त्याची आधीची आवृत्ती परत आणावी, नाहीतर काढून टाकून रीस्टार्ट करावं.

जास्त बोलायचं आहे ते अर्ध्यामुर्ध्या बिघाडाबद्दल. बाण थरथरतो, उड्या मारतो, मध्येच थिजतो, न दाबता क्लिक होतं, आणि चार्जर काढला की सगळं सुरळीत. ही खूण पटली तर पॅडला हात लावू नका, बोर्डाकडे बघा. लॅपटॉपचा चार्जर २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तिचा कमी दाबाचा पुरवठा करतो. त्या तोडजोडीतून विजेचा गोंगाट निघतो. तो जमिनीत जिरवण्यासाठी चार्जरमध्ये लहान कंडेन्सर असतात आणि तीन पिनांमधली ती जाड, लांब पिन त्यासाठीही असते. त्या पिनेमागे अर्थिंगच नसेल, तर गोंगाटाला वाट राहत नाही. लॅपटॉपचा सगळा सांगाडा जमिनीच्या मानानं तरंगता राहतो आणि त्याच्यावर मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे शंभराच्या घरात व्होल्ट दिसू शकतात. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतकाच असतो, त्यामुळे फार तर धातूच्या कडेला मनगट टेकल्यावर झिणझिण्या येतात. पॅडला मात्र एवढंही पुष्कळ होतं. तुम्ही अनवाणी पाय फरशीला टेकवून बसलेले, म्हणजे जवळपास जमिनीच्या पातळीवर, आणि पॅडची चिप त्या तरंगत्या पातळीवर. एका पिकोफॅरडचा हिशेब ठेवणाऱ्या चिपला बोट कुठलं आणि गोंगाट कुठला हे कळेनासं होतं. चांगल्या चिपा मोजणीची वारंवारता बदलून शांत जागा शोधतात, पण गोंगाट सगळीकडेच असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही. पाय फरशीवर असताना आणि खुर्चीवर मांडी घालून बसल्यावर पॅड वेगवेगळा वागला, तर अर्थिंगचा संशय आणखी पक्का होतो.

आणि अर्थिंग हा आपल्याकडचा नाजूक विषय आहे. पुष्कळ जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. जिथे खड्डा आहे, तिथे तो मीठ-कोळसा घालून भरलेला असतो आणि त्याचं काम ओलाव्यावर चालतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तसंच काहीसं अर्थिंगच्या पट्टीभोवतीही होतं. माती पट्टीपासून सुटते, मीठ कोरडं पडतं, जमिनीशी असलेला संपर्क कमी होतो. मुरूम आणि काळा पाषाण वरच लागला तर मुळात खड्डाच उथळ घेतलेला असतो. म्हणूनच दिवाळीत नीट चालणारा लॅपटॉप एप्रिलमध्ये त्याच बोर्डावर बिनसू शकतो. यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतणं, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग खरोखर लागते का ते तपासून घेणं. ही तपासणी स्वतः करू नये.

लॅपटॉपपुरता तात्पुरता उपाय सोपा आहे, चार्जर काढून बॅटरीवर काम करा. पण बोर्डाचं काम पुढे ढकलू नका. त्याच घरात, त्याच वायरिंगवर लोखंडी कूलर चालतो, त्यात पाणी असतं, आणि ओल्या हातानं त्याला घरातलं कुणीही शिवतं. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर माणूस वाचतो तो चांगल्या अर्थिंगमुळे आणि वेळेवर पडणाऱ्या सुरक्षा स्विचमुळे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. चार्जर लावल्यावर बाण नाचू लागला आणि हाताला झिणझिण्या आल्या, तर ती आयती मिळालेली सूचना आहे असं समजून त्याच आठवड्यात वायरमन बोलवा.

अर्थिंग ठीक असूनही असंच होत असेल तर चार्जर बदलून पाहा. बाजारातले हुबेहूब दिसणारे नकली चार्जर गोंगाट गाळणारे भागच गाळून स्वस्त केलेले असू शकतात. लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर लागला आणि तेवढ्यातच पॅड बिथरला, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा (स्क्वेअर वेव्ह) आहे का ते बघा, त्याच्या विजेतही गोंगाट असतो. घामेजलेलं बोटही पॅडला चकवतं. पाण्याचा पातळ थर पसरला की चिपला बोटाऐवजी तळहात टेकल्यासारखं दिसतं आणि ती तो स्पर्श मुद्दाम सोडून देते. कोरड्या सुती कापडानं पॅड पुसणं एवढंच तिथे पुरतं.

उन्हाचा खरा फटका बसतो बॅटरीला. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती पॅडच्या खाली किंवा लगतच असते. पुष्कळ कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर सहज जातो. पत्र्याच्या खोलीत, दिवसभर चार्जर लावून, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोटात काय होत असेल! उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेली अवस्था, या दोन्हींमुळे लिथियम-आयन बॅटरीतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो. पाकीट बंद असल्यानं ती उशीसारखी फुगते आणि वरच्या पॅडला खालून ढोसते. मग क्लिक जड होतं, किंवा दाबलेलंच राहतं आणि बाण जाईल तिथलं सगळं निवडलं जातं.

हे ओळखायला लॅपटॉप बंद करून शहाबादी फरशीवर नाही, तर काचेच्या टेबलासारख्या अगदी सपाट जागी ठेवा. एका कोपऱ्यावर बोट टेकवल्यावर तो डुलतो का? डोळा पॅडच्या पातळीत आणून कडेनं पाहा, पॅडची एक बाजू उचललेली आहे का, भोवतीची फट एकीकडे रुंद झाली आहे का? तसं दिसलं तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्ज करू नका, पॅड आत दाबायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टाचणीसुद्धा लावू नका. भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. ती बदलणाऱ्याकडेच द्या, आणि जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे जाईल याची खात्री करा. नवी बसवल्यावर बहुतेक वेळा पॅड आपोआप जागेवर बसतो. लॅपटॉप कायम चार्जरवरच चालत असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय पुष्कळ कंपन्यांनी दिलेली आहे, ती चालू करून ठेवा.

नुकतीच रॅम बदलली असेल किंवा आतली धूळ साफ करून घेतली असेल आणि त्यानंतरच पॅड बंद पडला असेल, तर पॅडपासून मदरबोर्डकडे जाणारी कागदासारखी पातळ रिबन सुटली असण्याची शक्यता मोठी. ती खोबणीत सरळ बसवून खटका दाबला की काम होतं, नवा भाग लागत नाही. रिबनही जागेवर असेल, बायोसमध्येही पॅड गप्प असेल आणि बॅटरी सपाट असेल, तर मात्र पॅड खरोखरच गेलेला असतो. तेव्हा पॅडच्या पाठीवरच्या स्टिकरचा क्रमांक जुळवूनच नवा मागवा. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन वेगळ्या कंपन्यांचे पॅड बसवलेले असतात आणि त्यांच्या रिबनची रुंदी जुळत नाही. तो येईपर्यंत साधा यूएसबी माउस चालतो. माउसही हाताशी नसेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबा. विंडोज विचारेल त्याला हो म्हणा, मग उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी बाण फिरतो आणि पाचच्या आकड्यानं क्लिक होतं.