करामती मुखपृष्ठे (कॉमिक)

कॉमिकचा अंक दुकानात उठून दिसावा आणि संग्राहकाला तो हवासा वाटावा, म्हणून छपाईची किंवा बांधणीची खास तंत्रे वापरून केलेली मुखपृष्ठे. इंग्रजीत त्यांना ‘गिमिक कव्हर’ म्हणतात. चंदेरी फॉईल, उठावाची छपाई, होलोग्राम, अंधारात चमकणारी शाई, कापून पाडलेली खिडकी, सीलबंद पिशवी हे सारे याच सदरात येते. या प्रकाराला खरा बहर आला तो अमेरिकेत, १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत.

तंत्रे बहुतेक जुनीच होती. लग्नपत्रिकेवर सोनेरी अक्षरे उमटवतात त्याच रीतीने, तापवलेल्या साच्याखाली फॉईल दाबून चमकते मुखपृष्ठ होते. डाय-कटिंगमध्ये पोलादी पात्यांच्या साच्याने कागद हव्या त्या आकारात कापतात. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातील खिडकीचित्रे ज्यांनी उघडून पाहिली आहेत, त्यांना त्यातली गंमत वेगळी सांगायला नको.

सुरुवात साधी होती. १९८६ मध्ये ‘द मॅन ऑफ स्टील’चा पहिला अंक दोन वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला. १९९० मध्ये चित्रकार टॉड मॅकफार्लेनच्या ‘स्पायडर-मॅन’चा पहिला अंक हिरव्या व चंदेरी आवृत्त्यांत आला, तोही पिशवीबंद आणि पिशवीविना अशा दोन्ही रूपांत. पुढच्याच वर्षी ‘एक्स-फोर्स’च्या पहिल्या अंकाच्या पिशवीत पाचांपैकी एक कार्ड घातलेले असे. पाचही हवी असतील तर अंक पाच वेळा घ्यायचा. त्याच वर्षीच्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाला पाच मुखपृष्ठे होती. चार शेजारी ठेवली की एक सलग चित्र जुळे आणि पाचव्यावर ते अखंड घडीपत्रकासारखे उलगडे. या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या.

करामत कथेतून उगवलेली असली की तिची जादू आजही जाणवते. ‘सिल्व्हर सर्फर’च्या ५० व्या अंकावर (१९९१) नायक उठावाच्या चंदेरी फॉईलमध्ये झळकतो, कारण मुळात तो चंदेरीच आहे. जळत्या कवटीच्या ‘घोस्ट रायडर’चे मुखपृष्ठ अंधारात उजळते. ‘वुल्व्हरिन’च्या ५० व्या अंकाचा कागद नख्यांनी ओरबाडल्यासारखा फाटलेला आहे. मालिबू कंपनीच्या ‘प्रोटेक्टर्स’च्या पाचव्या अंकात (१९९३) एका नायकाचा मृत्यू होतो आणि एक भोक साऱ्या पानांतून आरपार जाते. सुपरमॅनचा मृत्यू दाखवणारा ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक १८ नोव्हेंबर १९९२ रोजी काळ्या पिशवीत विक्रीला आला. पिशवीवर रक्ताळलेले ‘एस’ हे बोधचिन्ह होते आणि आत दंडाला बांधायची काळी पट्टी. वाचकाला शोकात सामील करून घेणारी ही कल्पना मुखपृष्ठकलेतला उच्चांक मानावी लागेल.

पण याच पिशवीने वाचनाचा घातही केला. फोडली की किंमत उतरते, म्हणून अनेकांनी एक अंक वाचायला आणि एक न उघडता ठेवायला घेतला. पुढे कथेशी नाते नसलेली फॉईलही सर्रास दिसू लागली. ‘एक्लिप्सो’च्या १९९२ च्या अंकावर कथेतल्या हिऱ्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती चिकटवली होती. कल्पना कथेला धरून होती, पण असे अंक गठ्ठ्यात सपाट बसेनात.

या लाटेमागे विक्रीची पद्धत होती. १९७० च्या दशकापासून कॉमिकची खास दुकाने जास्त सवलतीत माल घेत, मात्र न खपलेले अंक परत करता येत नसत. दुकानदाराने मागणी नोंदवली की प्रकाशकाची विक्री झाली. शिल्लक मालाचा बोजा दुकानदारावर. दुसरीकडे, जुने अंक लिलावात मोठ्या किमतींना जातात हे पाहून लोक नवे अंक गुंतवणूक म्हणून साठवू लागले. मोठीच चूक होती ती. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो १९३८ चा अंक महाग झाला, कारण मुलांनी तो वाचून, फाडून, रद्दीत घालून संपवला होता. लाखोंनी छापलेला आणि लाखोंनी जपलेला अंक दुर्मीळ होणार कसा? १९९३ नंतर मागणी कोसळली, दुकाने पडून राहिलेल्या गठ्ठ्यांसह बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ आणि ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

प्रकार मात्र संपला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘सुपरमॅन’ काढणाऱ्या डीसीने खलनायकांच्या अंकांना लेंटिक्युलर, म्हणजे हलवले की चित्र सरकताना दिसणारी प्लॅस्टिकची मुखपृष्ठे लावली. ती आगाऊ बनवून घ्यावी लागत असल्याने दुकानांच्या मागणीला पुरली नाहीत. आता जास्त चलती आहे ती ‘व्हेरिएंट’ची: दुकानाने नेहमीच्या २५ किंवा १०० प्रती मागवल्या की वेगळ्या चित्राची एक प्रत मिळते. काही अंकांचे मुखपृष्ठ तर मुद्दाम कोरे ठेवतात. संमेलनात आवडत्या चित्रकारासमोर ते धरायचे आणि त्याच्याकडून त्यावर चित्र काढून घ्यायचे.