पाऊस पडतोय, मग ठिबक चालू का?

"वाळवंटात कमी काय, फक्त पाणी. पाणी सोडलं की हवं ते पिकतं." हे वाक्य आमच्या फोंड्यात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता वादही घालत नाही. जवळजवळ प्रत्येक वाड्यावरचं कोणी ना कोणी गल्फात असतंच, त्यामुळे तिकडच्या ऑर्गॅनिक फार्मचे फोटो आपल्या व्हॉट्सॲपवर येतात आणि खाली ठरलेली कमेंट, बघा त्यांनी वाळूत टोमॅटो काढले आणि आमची शेतं पडीक. पडीक शेतांचं खरं आहे हो. पण वाळवंटातल्या शेतीचा मोठा शत्रू बऱ्याचदा ते सोडलेलं पाणीच असतं, हे कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

जानेवारीत ताईकडे दुबईला गेलो होतो तेव्हा भावोजींनी सगळ्यांना गाडीत कोंबून शहराबाहेरच्या अशाच एका फार्मवर नेलं. तिकडे शेतीचा सीझन हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मुलांनी चेरी टोमॅटो तोडले, बकऱ्यांना चारा घातला, ताईने केलची जुडी घेतली जी घरी कोणीच खाल्ली नाही. तिथलं एक ग्रीनहाऊस ओल्या पॅडमधून हवा ओढून थंड करतात, कोरड्या हवेत ते मस्त चालतं, आपल्या दमट गोव्यात मे महिन्यात लावलं तर नुसती वाफ. ते असो.

मजा नंतर झाली. आभाळ भरून आलं आणि पावसाची बारीक सर सुरू झाली, तर तिथला मल्याळी सुपरवायझर धावत गेला आणि त्याने ठिबकचा व्हॉल्व्ह उघडला. भाच्याने विचारलं, "मामा, पाऊस पडतोय ना, मग पाणी कशाला सोडलं?" भावोजी म्हणाले ऑटोमॅटिक टायमर असेल. टायमर नव्हता. प्रश्न एक नंबर होता, आणि उत्तर जमिनीवर दिसतच होतं.

ठिबकच्या प्रत्येक ड्रिपरभोवती मातीचा ओला गोल होता आणि त्या गोलाच्या कडेला पांढरी रिंग. बोटाने खरवडून जिभेला लावली तर खारट. आमचे बाबा चोडणला खाजनात, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या नदीकाठच्या शेतात वाढलेले, ते लांबूनच म्हणाले, "मीठ फुललंय."

हे मीठ येतं कुठून तर पाण्यातूनच. तिकडचं भूजल बऱ्याच ठिकाणी मचूळ आहे. सुपरवायझर म्हणाला विहिरीचं पाणी आणि खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटचं पाणी मिसळून आम्ही ईसी दोनच्या आसपास ठेवतो. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तर वीज जास्त वाहते, एकक डेसिसिमेन्स प्रति मीटर. ईसी 2 म्हणजे एका लिटरमध्ये साधारण सव्वा ग्रॅम क्षार, पिऊन बघितलं तर किंचित मचूळ लागेल इतकंच. पण हिशोब करा. एका चौरस मीटरला रोज 5 लिटर पाणी दिलं तर रोज साडेसहा ग्रॅमच्या आसपास क्षार, आणि चार महिन्यांच्या सीझनमध्ये पाऊण किलो. पाणी झाडातून आणि मातीवरून उडून जातं, क्षार मात्र उडत नाहीत. माती वरून सुकली की खालचं पाणी बारीक पोकळ्यांमधून केशाकर्षणाने वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, वर आलं की उडतं आणि क्षार तिथेच टाकून जातं. ठिबकमध्ये ओलावा ड्रिपरपासून बाहेर सरकत जातो म्हणून सगळा क्षार कडेला ढकलला जातो, मुळं मधे सुखात आणि मीठ भोवताली रिंगणात.

मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की काकडी पाणी सोडते ना, तेच इथे मुळांच्या बाबतीत सुरू होतं. पाण्यात उभं राहून झाड तहानलेलं राहतं, दुपारी पानं माना टाकतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी मचूळ पाणी घालतो, म्हणजे आणखी मीठ.

आता पाऊस. जोरदार पाऊस आला तर क्षार खोल धुऊन जातील, चांगलंच आहे. पण दुबईकडे वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस, तोही चार-पाच मिलिमीटरच्या सरींनी (16 एप्रिल 2024 ला अल ऐन भागात एका दिवसात 254 मिमी पडला तो अपवाद). एवढीशी सर ती पांढरी रिंग विरघळवते, बोटभर खाली नेते आणि थांबते, म्हणजे नेमकी मुळांपाशी. इतके दिवस बाहेर ठेवलेलं मीठ एका सरीत घरात. म्हणून ठिबक चालू ठेवायचं, की मधून पाण्याचा रेटा बाहेर आणि खाली चालू राहील आणि क्षाराला आत यायला वाट मिळणार नाही. त्या माणसाने पावसात व्हॉल्व्ह उघडला ते शंभर टक्के बरोबर होतं.

धुवायला किती पाणी जास्त द्यायचं याचं एक सूत्र आहे, गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पाण्याची ईसी भागिले (पिकाला झेपणाऱ्या मातीच्या ईसीची पाचपट वजा पाण्याची ईसी). टोमॅटोला 2.5 पर्यंत झेपते, म्हणजे 2 भागिले 10.5, सुमारे 0.19, दर 100 लिटरमधले 19 लिटर मुळांच्या खाली नुसते वाहून जाऊ द्यायचे. खजुराला 4 झेपते, तिथे 11 लिटरांत भागतं. फरसबीला जेमतेम 1, तिथे उत्तर 67 येतं, म्हणजे त्या पाण्यावर फरसबी करूच नये. शिवाय क्षारात सोडियम जास्त असेल तर चिकणमातीचे कण सुटे होऊन पाणी मुरणंच बंद होतं, मग जिप्सम घालायचं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतं आणि मग परत धुवायचं. जिप्सम खाणीतलं असेल तर ऑर्गॅनिकवाल्यांनाही चालतं.

आणि हो, ऑर्गॅनिक म्हटलं की मातीत मीठ साठत नाही असं काही नसतं. शेणखतातही क्षार असतात, कोंबडीखतात तर भरपूर. पाइपला लावायचे चुंबक विकणारे आपल्याकडेही फिरतात, पाणी चुंबकातून गेलं की खारटपणा जातो म्हणे. जातो कुठे? आधी आणि नंतर ईसी मीटर बुडवून दाखवा म्हटलं की दुकान आवरतं.

परत येताना गाडीत बाबांचं चालू होतं की आमच्याकडे हे सगळं पाऊस फुकटात करतो. खरंच आहे. गोव्यात वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, म्हणजे चौरस मीटरला 3000 लिटर जवळजवळ क्षार नसलेलं पाणी. मे महिन्यात खाजनाची माती भेगाळून वर मीठ येतं, मग सुरुवातीच्या पावसाचं पाणी शेतात भरू द्यायचं आणि ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारांतून सोडून द्यायचं. मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, वीज नाही, टायमर नाही. त्यानंतर कोरगुट पेरायचा, जो मुळातच खारटपणा सोसणारा भात आहे. ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने त्याच्यातूनच निवड करून गोवा धान 1 हे वाण काढलंय. पण हे सगळं बांध शाबूत असेल तोवर. बांधाला भगदाड पडलं की रोज दोनदा भरती आत येते, मग 3000 मिमी पाऊस तरी काय करणार, तो चार महिने धुणार आणि नदी बारा महिने भरणार.

ज्यांच्याकडे शेत नाही पण बाल्कनीत छपराखाली कुंड्या आहेत आणि बोअरचं पाणी आहे, त्यांच्या कुंडीच्या काठावरही हीच पांढरी रिंग सापडेल. अधूनमधून एकदा खालच्या भोकातून धो धो वाहीपर्यंत पाणी घाला, शक्यतो पावसाचं, आणि थाळीत जमलेलं पाणी लगेच ओतून टाका, नाहीतर कुंडी ते पुन्हा वर शोषून घेते, मिठासकट.