माशाच्या टाकाऊ भागाचा मुरघास: ही पद्धत आली कुठून?

सोलापूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादकाला मुरघास समजावून सांगावा लागत नाही. मका कापायचा, दाबून भरायचा, हवा कोंडायची. तो आंबतो आणि टिकतो. माशाची आतडी, कल्ले, डोकी यांपासून मत्स्यखाद्य करण्याची पद्धत मूळची याच चाऱ्यातली आहे.

फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी १९२०च्या दशकात हिरव्या चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकवण्याची रीत बसवली. १९४५चे नोबेल त्यांना मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; जितका कमी तितके आंबट) पुरेसा उतरला की कुजवणारे जिवाणू थांबतात, हे तत्त्व १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये माशांना लावून पाहिले गेले. पुढे डेन्मार्कने त्याचा धंदा उभा केला. गंधकाम्लासारखी खनिज आम्ले स्वस्त, पण त्यांनी सामू २ पर्यंत खाली न्यावा लागे आणि खाऊ घालण्याआधी माल खडूने उदासीन करावा लागे. फॉर्मिक आम्ल ४च्या आसपासच काम भागवते, म्हणून महाग असूनही तेच रुळले. १९७२-७३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्हीची मासेमारी कोसळली आणि फिशमीलचे (माशांच्या वाळवलेल्या भुकटीचे) भाव भडकले. त्यानंतर टाकाऊ माशाकडे पाहण्याची नजर बदलली.

आपल्याकडे कच्चा माल जमला तो उजनीमुळे. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले, फुगवट्यावर मासेमारी वाढली. कटला, रोहू आणि चिलापी सोलापूर, इंदापूर, भिगवणच्या बाजारात येऊ लागले. नंतर शेततळ्यांत मत्स्यपालन आले. तिथले नेहमीचे खाद्य म्हणजे भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा. पेंड महागली की माशांची ताटली रिकामी राहते. मासे साफ करताना निघणारा भाग मात्र मे महिन्याच्या उन्हात काही तासांत सडतो. तो कच्चाच तळ्यात टाकणे चूकच. पाण्यातला प्राणवायू घटतो, रोग आणि कृमी पसरतात. बंदी असलेल्या थाई मांगूर माशाच्या तळ्यांनी हीच सवय बदनाम केली.

आम्लाची रीत अशी: ताजा माल दळून (तुकडा १ सेंटीमीटरपेक्षा लहान) १०० किलोला ८५ टक्क्यांचे फॉर्मिक आम्ल ३ ते ३.५ किलो, प्लास्टिकच्या ड्रममध्ये. लोखंड खाल्ले जाते. हातमोजे आणि चष्मा हवेतच. नंतर माशाच्या आतड्यातली विकरेच (पचन करणारी एन्झाइम्स) मांस विरघळवतात. म्हणून आतडी टाकून देऊ नयेत. बिघाड बहुधा दोनच कारणांनी होतो. न ढवळलेल्या गोळ्यात आम्ल पोचत नाही आणि तो आतून सडतो. किंवा काट्यांतले कॅल्शियम आम्ल खाऊन टाकते आणि सामू परत चढतो. दुसऱ्या दिवशी सामू तपासून कमी पडेल तितके आम्ल घालायचे.

सोलापूरला आंबवण्याची वाट आम्हांला जास्त सोयीची वाटते. माशात मक्यासारखी साखर नसते, म्हणून दह्याच्या जिवाणूंना गूळ किंवा मळी द्यावी लागते: १०० किलोला १० ते १५ किलो, सोबत ताजे विरजण. मळीवर उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने गूळ सोपा. ड्रम हवाबंद ठेवून रोज ढवळायचा. काही दिवसांत सामू ४.५च्या खाली उतरला नाही किंवा आंबट वासाऐवजी सडका वास आला, तर तो माल खाद्यात घेऊ नये. वर तरंगणारे तेल काढावे आणि ड्रम सावलीत ठेवावा, नाहीतर चरबी खवट होते.

तयार मालात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो कोरड्या खाद्यासाठी पाच किलो लागतो. हिशेब इथेच चुकतो. तो कोंड्यात कालवून उन्हात वाळवला की साठवता येतो. चिलापीचा टाकाऊ भाग मात्र चिलापीला घालू नये. त्याचा ड्रम पहिल्यापासून वेगळा ठेवावा आणि तो कटला-रोहूच्या तळ्याकडे जावा.